रेघेच्या वर एक हात

सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या हळदीच्या गोदामात मी दिवाणजी होतो. भिंतीवर 2005च्या पुराची तांबडी रेघ, गुडघ्याच्या जरा वर. 2019च्या ऑगस्टात कृष्णा चढायला लागली तेव्हा शेठ, त्यांचे धाकटे बंधू, दोन अडते, हमालांचे मुकादम आणि मी असे सहाजण पेढीवर बसलो. शेठ म्हणाले, "रेघेच्या वर एक हात थप्पी उचलू. पुरे की नाही?"

धाकटे म्हणाले, "पुरे." अडत्यांनी माना हलवल्या. मुकादम म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." माझीही मान हलली.

चांगलं हळकुंड मोडताना खणखणीत वाजतं. पाणी प्यालं की तो आवाज जातो, रंग मरतो, बुरशी धरते. आणि नुसतं बुडालेलंच पोतं जातं असं नाही. ताग पाणी वर ओढतो, खालचा थर मऊ पडला की अख्खी थप्पी कलते आणि वरचा कोरडा मालही पाण्यात येतो. हमालांनी रात्रभर खपून पिंपं आणि फळ्यांवर थप्प्या रचल्या. एक पोतं वाकडं नव्हतं. असं काम आता बघायला मिळत नाही, आणि ते आम्ही चुकीच्या उंचीवर करून घेतलं.

2005ला आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. या वेळी 57 ओलांडलं.

चिखल उपसताना मुकादम म्हणाले, "दिवाणजी, माझ्या मनात तवाच होतं, माल कुपवाडला हलवावा." मग मी एकेकाला विचारलं. एका अडत्यानं ट्रकवाल्याला सांगून ठेवलं होतं. धाकट्यांनी घरचं सामान आदल्या रात्रीच मिरजेला पाठवलं होतं! शेठ म्हणाले, "एकजण जरी नाही म्हणाला असता, तरी ट्रक बोलावले असते. विचारलं होतं ना मी?"

विचारलं होतं. पण "पुरे की नाही" याला आमच्या पेढीवर एकच उत्तर असतं.

अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान 28 जानेवारी 1986ला कोसळलं, सातजण गेले. आदल्या रात्रीच्या बैठकीत अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कड्या दगा देतील. वरिष्ठांनी तरी होकार कळवला. तिथं निदान कुणीतरी तोंड उघडलं होतं.

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी मी सकाळीच वाचली होती. बैठकीत तो पेपर घडी घालून माझ्या मांडीखाली होता.