आश्वासित प्रगतीचा लाभ मिळायला दोन वर्षं जादा लागली, तो माझा अनुभव

नोकरीला लागलो तेव्हा 'एकाकी पद' हा शब्द ऐकलाही नव्हता. महसुलात लिपिकाचा अव्वल कारकून व्हायचा, पुढे नायब तहसीलदार. मी प्रोग्रामर. माझ्या पदाच्या वर पदच नाही. आमच्यासारख्यांना आधार सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचा. २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर पद तेच राहून वेतन वरच्या स्तरात जातं.

माझी दहा वर्षं भरली. अर्ज दिला, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आठवड्यात आला. मग आस्थापना शाखेतून निरोप, "तुमचा एका वर्षाचा सीआर नाही." सीआर म्हणजे साहेबांनी आपल्या वर्षभराच्या कामावर लिहिलेला गोपनीय अहवाल. तो नाही म्हणून लाभ अडला.

ते वर्ष मी सातबारा संगणकीकरणासाठी दुसऱ्या कार्यालयात होतो. दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून तलाठ्यांबरोबर रात्री बसून दुरुस्त्या केल्या. सगळ्यात जास्त राबलो त्याच वर्षाचा अहवाल नाही, हे ऐकून डोकं सुन्न झालं.

आमचं कार्यालय म्हणायचं, तिकडून आलाच नाही. तिकडचे म्हणायचे, आम्ही पाठवला. ज्या साहेबांनी तो लिहिला, त्यांची बदली झालेली. दीड वर्ष स्मरणपत्रं देत होतो. प्रत्येकाची पोच मात्र शिक्क्यासह घेतली. तुम्हीही घ्याच, तोंडी विनंतीला कुणी दाद देत नाही.

शेवटी एक दिवस रजा टाकून तिकडे गेलो. तिथल्या लिपिक ताईंनी त्या वर्षाची जावक नोंदवही माझ्यासमोर ठेवली. पानं चिकटलेली होती. दुपारी नोंद सापडली: 'गोपनीय अहवाल, ३ नग, बंद लखोटा'. त्या पानाची झेरॉक्स घेऊन आमच्या शाखेत आलो. आता नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यातल्या लाल फडक्याच्या गठ्ठ्यात लखोटा मिळाला, न फोडलेला, पिना गंजलेल्या. आतला शेरा उत्तम होता. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. लखोटाच न फोडल्यावर मला कोण कळवणार? तेव्हाच प्रत मागितली असती तर हे लगेच उघडकीस आलं असतं. याची मला आजही चीड येते.

पुढचं सगळं महिनाभरात झालं. आदेश निघाला, लाभ मूळ तारखेपासून धरला आणि फरकाची रक्कम एकदम जमा झाली. त्या रात्री दोन वर्षांनी शांत झोपलो.

हो, सेवापुस्तक दरवर्षी बघून सही करा आणि दुय्यम प्रत घरी ठेवा. आता अहवाल महापार या सरकारी प्रणालीवर ऑनलाइन भरतो, तरी मी प्रिंट काढतोच. आणि दुसऱ्या कार्यालयात तीन महिन्यांपेक्षा जास्त काम केलं असेल, तर कार्यमुक्त होण्याआधी तिथल्या साहेबांकडून त्या काळाचा अहवाल लिहून घ्या. त्यांची बदली झाली की शोधणं फार अवघड जातं.