ताई, तो शिक्रा नाही

शनिवार-रविवार लोकांना जंगलात फिरवणं हे माझं काम. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली शिलोंड्याची वाट इतक्यांदा तुडवली आहे की कुठल्या वळणावर कोण काय विचारणार तेही पाठ झालंय. पहिला प्रश्न बिबट्याचा, दुसरा चहाचा.

२०२५च्या जानेवारीतल्या एका रविवारी गेटवर कॉलेजातली अकरा मुलंमुली उभी होती, हातात पांढऱ्या काठ्या, प्रत्येकासोबत एक डोळस सोबती. वनखात्याची परवानगी काढून झाली होती. वाटेतले दगड, वर आलेली मुळं आदल्या दिवशी जाऊन हेरून ठेवली होती. तयारी राहिली होती ती फक्त माझ्या तोंडाची. पहिल्या पाच मिनिटांत तीनदा ‘ते बघा’ म्हणाले आणि तिसऱ्यांदा जीभ चावली.

“बघा म्हणा हो ताई,” मागून एक मुलगी म्हणाली. “आम्हीपण सिनेमा बघायलाच जातो.”

मग जरा मोकळी झाले.

ऐनाच्या खोडाशी थांबलो. ‘याची साल मगरीच्या पाठीसारखी’ हे माझं दर रविवारचं वाक्य. निळी टोपी घातलेल्या एका मुलानं भेगांमधून सावकाश बोटं फिरवली. “मगरीला कुणी हात लावलाय? तळं आटल्यावर गाळ तडकतो ना, तसं लागतंय हे.” बरोबरच होतं. त्या दिवसापासून मी मगर सोडली. पुढे मुरुडशेंग हातोहात फिरली. कुणी स्क्रू म्हणालं, कुणी वेणी, आणि एकजण म्हणाला, आजी पंचा पिळते तसा पीळ आहे. पोटात मुरडा आला की हीच शेंग उगाळून देतात, हे सांगितल्यावर दोघांनी ती घाईघाईनं पुढच्याच्या हातात दिली.

कारवीच्या झुडपांपाशी थांबायचं माझ्या मनातच नव्हतं. २०१६ नंतर ती थेट २०२४च्या पावसाळ्यात फुलली होती. आठ वर्षांतून एकदा, डोंगरउतार जांभळे होतात. पण फुलं केव्हाच गळली होती, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक ग्रुपनं ‘अरेरे, उशीर झाला’ म्हणून पुढचा रस्ता धरला होता. या मुलांना उशीर वगैरे काही झालेला नव्हता. बोंडांच्या तुऱ्यांना हात लावताच बोटं चिकटली, मग ती नाकाशी गेली, आणि त्या उग्र वासावरून चांगलाच वाद रंगला. जव्हारकडच्या मुलीनं मात्र खालची काठी मुठीत धरून वरखाली चाचपली. “अय्या, हा तर आमच्या घराचा कूड! वरून शेणमाती लिंपतात.” वारल्यांची चित्रं ज्या भिंतींवर निघतात त्यांच्या आतला सांगाडा बहुधा हाच असतो, एवढीच भर मी घातली.

आता ही झुडपं मरणार, हेही सांगितलं. बोंडं वाळतील, आणि पहिल्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटून बी उडवतील.

“आवाज येतो?” टोपीवाला.

“येतो. अख्ख्या उतारावरून येतो.”

ओढ्याकाठी दगडांवर बसलो. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. बुलबुल, कुठेतरी तांबटाची टुकटुक, दूरवर वानरांची खाकर. मग डोक्यावर दोन सुरांची खणखणीत हाक आली आणि मी सवयीनं कुजबुजले, “शिक्रा. लहान शिकारी पक्षी.”

“ताई, तो शिक्रा नाही,” टोपीवाला म्हणाला. “मघाचा बुलबुल याच जागेवरून बोलला. त्याआधी मांजरासारखं काहीतरी, तेही इथूनच. आणि मध्येच एक टिंग वाजते, भांड्यावर चमचा मारल्यासारखी. ती त्याची स्वतःची.”

दुर्बीण लावली. फांदीवर पल्लवपुच्छ कोतवाल, काळाभोर, शेपटीच्या दोन लांब तारा खाली लोंबत होत्या. नकला करण्यात हा पटाईत. इतर पक्ष्यांच्या थव्यासोबत फिरतो, त्यांच्या धांदलीत उडालेले किडे टिपतो. हे मी शेकडो वेळा लोकांना सांगितलंय, पण पक्षी आधी दिसल्यावर. नुसत्या कानावर मी साफ फसले होते. तोंड गरम झालं. मुलं मात्र खूश!

शेपूट कशी असते ते टोपीवाल्याला हवं होतं. गवताच्या दोन काड्या घेऊन टोकांना एकेक पान टोचलं आणि तळहातावर ठेवलं. तो ती टोकापर्यंत चाचपत गेला, परत आला, पुन्हा गेला.

“एवढं मागे घेऊन उडतो?”

“झाडाझाडांतून.”

नेहमी अर्ध्या दिवसात संपणारी वाट त्या दिवशी अर्धीच झाली आणि तिथूनच परतलो.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईत अवकाळी पाऊस झाला. रात्री टोपीवाल्याचा फोन. “ताई, पडला. फुटली का?” सकाळी परवानगीचं जुळवून त्याच उतारावर गेले. कारवी उभ्या उभ्या वाळून नुसत्या काड्या झाली होती. फोन पुढे धरून दहा मिनिटं उभी राहिले. तड. मग बराच वेळ काही नाही. मग दोन-तीन एकदम, आणि एक बी गालावर येऊन आपटलं. रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

संध्याकाळी उत्तर आलं: “बोंडं ऐकली. पण सहाव्या मिनिटाला मागे ओरडतोय तो खरा शिक्रा, की आपलाच?”