यादीतली पहिली बाटली

दर डिसेंबरात शेठ माझ्याकडून एक यादी लिहून घेतात: वर्षभरात आपल्या दुकानातल्या कोणत्या वाईन आवडल्या. दारूची जाहिरात करायला बंदी, त्यामुळे बाहेर काही लावता येत नाही. कागद आत, वाईनच्या रॅकशेजारी चिकटतो. ३१च्या गर्दीत ज्याला काय न्यावं ते कळत नाही, तो त्यावर बोट ठेवतो आणि बाटली मागतो. दुकान नाशिकचं. गाडीला किक मारली की अर्ध्या-पाऊण तासात वायनरीच्या दारात, पण आमच्या गल्ल्यात वाईन व्हिस्की, रम आणि बियरच्या पार मागे.

वाईनचा कोपरा माझ्याकडे आहे. बाकी काम कोणत्याही दुकानात असतं तेच: क्वार्टर, हाफ, खंबे, माल आला की वाहतुकीचा पास आणि पेट्या ताडून बघणं, शटर ओढल्यावर ब्रँड आणि मापाप्रमाणे बाटल्या मोजून रजिस्टर जुळवणं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चाखत बसतो. आमच्या परवान्यात दुकानात बसून घोटभरही प्यायची सोय नाही. म्हणजे जी वस्तू चवीवर विकायची ती चव गिऱ्हाइकाला देता येत नाही आणि मलाही घ्यायची तर घरी. शेठ बाटली खरेदीच्या भावात देतात, हा त्यांचा मोठेपणा. रिकामी बाटली मी दुसऱ्या दिवशी परत आणून काउंटरखाली ठेवतो. लेबल उतरवून घ्यायचं असतं, आणि तळाशी राहिलेल्या चमचाभर वाईनला रात्रभरानंतर जो वास येतो तो पुष्कळदा जास्त खरा असतो.

यादीपेक्षा जास्त जीव मी रॅकवर काढलाय. बुचाची बाटली आडवी ठेवा, बूच ओलं राहिलं पाहिजे, हे पोरांना सांगून माझी जीभ झिजली. लेबल दिसत नाही म्हणून ती उभी करून ठेवतात. पारदर्शक काचेतली रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, ट्यूबलाईटच्या बरोबर खाली. अशा उजेडात ती महिनोनमहिने राहिली की उकडलेल्या कोबीसारखा वास मारायला लागते, आणि मग नाव वायनरीचं खराब. एप्रिल-मेमध्ये माल टेम्पोत दुपारभर उन्हात उभा. बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो. असा ओघळ दिसला की मी पेटी उतरवूनच घेत नाही, मग वितरकाचा माणूस मला ‘फार शिकलेला’ म्हणतो. फिरकीच्या झाकणाने यातलं बरंच दुखणं कमी झालंय, पण गिऱ्हाइकाला ते झाकण दिसलं की तो नाक मुरडतो. हजाराची बाटली आणि झाकण सोड्याचं? त्याला कोण समजावणार!

एक साहेब तर चेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या तळाशी चकाकणारे बारीक खडे दाखवून ‘काच आहे, कन्झ्युमर कोर्टात जाईन’ म्हणत आले होते. बाटली फ्रीजमध्ये बरेच दिवस होती. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थंडीत असंच खडे धरतं, चिंचेत असतं तेच आम्ल. चावले तर आंबट लागतात, अपाय शून्य. मी एक खडा त्यांच्यासमोर जिभेवर ठेवला तेव्हा ते गेले, पण पटलेलं नव्हतं.

यंदाची यादी जवळजवळ ठरली होती. पांढऱ्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीची रेव्हेलोची ग्रिलो. वाण सिसिलीचा, वाढला आपल्या काळ्या मातीत, आणि आमच्याकडे तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. सुलाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मी त्यांची नेहमीची सोव्हिन्याँ न लिहिता द सोर्स ग्रनाश रोझे लिहिली. तांबड्यात अकलूजच्या फ्रातेल्लीची सेट्टे, सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्याँ या दोन वाणांची. सोलापूर जिल्ह्यात अशी वाईन होते हे सोलापूरचेच लोक मानत नाहीत. गोड म्हणून इगतपुरीकडच्या व्हॅलोने वायनरीची व्हँ द पासरियाज. तिची द्राक्षं मुद्दाम सुकू देतात. छोटी बाटली, महाग, पण जेवणानंतर दोन घोट.

आणि पहिल्या क्रमांकावर एक शिराझ, त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची तांबडी वाईन. तिचं नाव इथे देणार नाही; का, ते पुढे येईलच. नाशिक जिल्ह्यातलीच, ओकच्या पिंपात मुरवलेली. माझ्या वहीत तिच्यापुढे होतं: ‘गडद, मिरी, पिकलं जांभूळ, शेवटी मनुकांचा दाट गोडसर वास. वर्षातली सर्वांत उदार बाटली.’

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ. काउंटरच्या जाळीसमोर तीन रांगा, त्यांत चौथी घुसलेली. पांढरं धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, असे एक आजोबा कडेला उभे. आमच्या काउंटरच्या पोराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच सांगितलं, “बाबा, देशीचं दुकान पुढच्या चौकात.” त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या कोपऱ्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, शिराझ कोणकोणती हाये?”

मी म्हटलं, “नाना, कोणासाठी?”

नात पुण्याला कंपनीत. तिच्याबरोबरची पोरंपोरी ३१ला मळ्यावर येणार होती आणि तिने आजोबांना सांगितलं होतं, ‘आपल्या द्राक्षांची वाईन आणून ठेवा.’ दिंडोरी तालुक्यात त्यांची बाग. थोडी खाण्याची थॉमसन, आणि अडीच एकर शिराझ करारावर एका वायनरीला. स्वतः माळकरी, उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. “आमची द्राक्षं यातल्या कुठल्या बाटलीत गेली ते सांगा, ती द्या.”

ते सांगता येत नाही. पाच-पन्नास शेतकऱ्यांचा माल एका टाकीत जातो, लेबलवर फार तर जिल्हा येतो. मी तसं सांगितलं. त्यांना राग आला नाही, नवल वाटलं. “घडाघडाला हात लावून माल जातो आमचा. आणि कुठं गेला ते तुम्हालाबी ठावं नाही?”

मग ते बोलत राहिले आणि मी मागे कोण ओरडतंय ते सोडून ऐकत राहिलो. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवायला डिपिंग करतात, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवतात; वाईनच्या द्राक्षाला उलटं: मणी बारीक पाहिजे, साल जाड पाहिजे, घड वाढले तर कापून खाली टाकायचे. पहिल्या वर्षी जमिनीवर पडलेले घड बघून त्यांच्या घरच्या माणसांनी दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारीत, पहाटे, माल थंड असताना. कंपनीची पोरं ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजायचं यंत्र घेऊन येतात. थॉमसनचा व्यापारी पैसे बुडवून पळून जाण्याची भीती इथे नाही. म्हणून २००९-१०च्या पडझडीत शेजाऱ्यांनी वाईनच्या बागा उपटल्या तेव्हा यांनी ठेवली. हे सगळं मला इतकी वर्षं त्यांच्या मालावर पोट भरून माहीत नव्हतं. वायनरीचे प्रतिनिधी येतात ते ओक, माती, फ्रान्स बोलतात. घड कापून टाकण्याबद्दल अजून तरी कोणी बोललेला नाही.

त्यांनी विचारलं, “तुमच्या मनातली चांगली कुठली?”

मी कागद दाखवला, पहिल्या नावावर बोट ठेवलं. रिकामी बाटली काउंटरखालीच होती, आदल्या रात्रीची. म्हणाले, “वास घिऊ का? वासाला माळ आडवी येत नाही.” बाटली घेतली, तोंडाशी नाही, नाकापासून चार बोटं लांब धरली. मग जवळ. मग अंगठ्याने तोंड बंद करून हलवली आणि पुन्हा.

“मिरी हाये. शिराझच.” मग थोडं थांबून, “पण माल थांबवलाय.”

मला कळलं नाही.

“काढणीला आलेला माल आठ-पंधरा दिवस वेलीवर तसाच ठेवलाय. मणी सुरकुतले की हा वास येतो. मनुक्याचा. आमच्याकडं ह्या साली तेच केलं. टाक्या खाली नाहीत, दम धरा, दम धरा. ब्रिक्स चोवीसला होता तवा फोन केला मी. सव्वीसच्या पुढं गेल्यावर टेम्पो आला.” त्यांनी बाटली खाली ठेवली. “पैसे वजनावर. पाणी उडालं की गोडी चढती आणि वजन उतरतं. गोडी त्यांची, वजन माझं.”

ते गेल्यावर मी लेबल पुन्हा वाचलं. अल्कोहोल साडेचौदा टक्के. साखर जास्त असल्याशिवाय एवढं येत नाही. म्हणजे नाना म्हणतात ते शक्य आहे. पण सिद्ध होत नाही. त्यांचा माल त्या बाटलीत असेल की नसेल कोणाला ठाऊक, ती ओकमध्ये मुरलेली, म्हणजे त्यांच्या यंदाच्या काढणीच्या आधीचीच. आणि मुद्दाम सुकवलेल्या द्राक्षांची वाईन हा जगात मान्य प्रकार आहे. इटलीत व्हेरोनाकडे आमारोने तशीच करतात, आणि माझ्याच यादीतली पासरियाज तशीच. फरक एवढाच की तिथे सुकवायचं आधी ठरवलेलं असतं आणि त्याची किंमत लावलेली असते. टाकी रिकामी नाही म्हणून सुकलेला माल आणि मुद्दाम सुकवलेला माल यांचा वास वेगळा येतो का? मला ओळखता येत नाही. नाना म्हणतात त्यांना येतो.

नानांनी शेवटी कोणती नेली? मी दुसरी एक शिराझ सुचवली, ओक न लावलेली, कमी किमतीची. ती वास न घेता घेतली. मी हुडकत असताना त्यांनी महागड्या बाटलीची किंमत वाचली होती. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना किलोला काय मिळतं ते त्यांनी मला सांगितलं. तो आकडा मी लिहीत नाही, कारण करार त्यांचा आहे. हिशेब त्यांनी तोंडी केला आणि हसले. ते हसणं मला कडवट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. खरंच हसले. “बूच, बाटली, कागद, सगळ्याला पैसं लागतात भाऊ,” म्हणाले. माझ्यापेक्षा वायनरीची बाजू त्यांनीच जास्त घेतली.

शेठना मी त्याच रात्री सांगितलं की पहिला क्रमांक बदलू का. ते रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, “चव बदलली का?” नाही बदलली. मला तो मनुकांचा वास अजूनही आवडतो. घरी पुन्हा एक बाटली उघडून बघितली, आवडतोच. पण वहीतला ‘उदार’ हा शब्द मी खोडला.

३१ला रात्री एकपर्यंत परवानगी होती. कागद तसाच लागला, पहिल्या नावासकट, आणि त्या शिराझच्या रॅकवरच्या सगळ्या बाटल्या नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपल्या. शेठनी आणखी पेट्या मागवायला सांगितल्यात. वायनरीच्या प्रतिनिधीला मी विचारलं की या विंटेजची, म्हणजे बाटलीवरच्या सालातल्या द्राक्षांची, काढणी कोणत्या तारखेला झाली आणि तेव्हा ब्रिक्स किती होता. तो म्हणाला, “सर, ती आमची स्टाईल आहे,” आणि चार पेट्यांवर एक फुकट अशी स्कीम सांगितली. तारीख मी पुन्हा विचारलीय, आणि ऑर्डर अजून दिलेली नाही.