आमची वाटचाल : सेन्सरच्या आधी वायर

आमच्या कार्यशाळेची सुरुवात झाली जुन्या पोकलेनच्या इंजिन आणि हायड्रॉलिकच्या कामापासून. त्या मशिनना मेकॅनिकल पंप, मोजक्या वायरी आणि इंजिन बंद करणारा एक स्टॉप सोलेनॉइड. बिघाड कानाने आणि धुराच्या रंगावरून कळायचा. मग संगणकाने चालणारं कॉमन रेल इंजेक्शन आलं, त्यापाठोपाठ डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि डीईएफ (युरियाचं द्रावण) फवारून नॉक्स, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड, कमी करणारी एससीआर. आज सेकंडहँड मशिन 'ताकद नाही' म्हणून येतं, तेव्हा इंजिन पुष्कळदा ठणठणीत असतं. एक्झॉस्टकडच्या एखाद्या सर्किटने ईसीएमला (इंजिनच्या संगणकाला) चुकीचा आकडा दिलेला असतो आणि ईसीएमने टॉर्क कापलेला असतो. आमचं मुख्य काम आता तो चुकीचा आकडा नेमका कुठून आला ते शोधणं.

स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडचे दोन भाग असतात. एसपीएन सर्किट सांगतो, एफएमआय त्या सर्किटमध्ये काय झालं ते सांगतो. एसपीएन ३२२६ म्हणजे एससीआरनंतरचा नॉक्स. हा आकडा दिसला की सेन्सर मागवायचा, ही या धंद्यातली सर्वात महाग सवय. आम्ही आधी एफएमआय बघतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला टेकलेली, ९ म्हणजे डेटा वेळेवर येत नाही. ९ आला तर आधी सप्लाय, अर्थ आणि कॅनच्या (मशिनमधले संगणक एकमेकांशी बोलतात त्या) वायरी तपासायच्या, सेन्सर त्यानंतर.

दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर एक जुनी परीक्षा अजून तितकीच खरी आहे. सेन्सर काढला की कोडचा एफएमआय ३ वर जायला हवा. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला त्या दोन पिना जंपरने (आखूड वायरीने) जोडल्या की ४ वर. कोड असा उलटसुलट झाला तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. कोड जागचा हलला नाही तर नवा सेन्सर लावूनही हलणार नाही. एक्झॉस्टचा तापमान सेन्सर पीटी२०० जातीचा असेल तर शून्य अंशाला २०० ओहम आणि कार्यशाळेच्या तापमानाला साधारण २२० ओहम दाखवतो. जंपर मात्र याच दोन पिनांवर. सप्लायच्या पिनेला लावलात तर एका बिघाडाचे दोन होतात.

कोडच्याही आधी बॅटरी. स्टार्टर फिरताना चोवीस व्होल्टची जोडी १८ च्या खाली जात असेल, तर आम्ही कुठल्याच कोडवर विश्वास ठेवत नाही. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल (मशिनमधले छोटे संगणक) क्षणभर गप्प होतात आणि स्क्रीनवर कोडांची जत्रा भरते. इंजिन चालू असताना २८ च्या आसपास हवेत.

मग कॅन. किल्ली बंद, आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) बंद, नऊ पिनी डायग्नोस्टिक सॉकेटच्या सी आणि डी पिनांमध्ये ओहम मोजायचे. ६० आले तर दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर शाबूत. १२० आले तर एक रेझिस्टर गेला किंवा वायर तुटली. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. ४० आले तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी बसलाय, आणि सेकंडहँड मशिनमध्ये हा आकडा कान टवकारायला लावतो. पुष्कळ मशिनमध्ये एक्झॉस्टसाठी कॅनची वेगळी लाइन असते, त्यामुळे सॉकेटवर ६० मिळाले म्हणून खूश व्हायचं नाही. नॉक्स सेन्सरच्या कनेक्टरवर पुन्हा मोजायचं.

त्या कनेक्टरवर साधारणपणे चार कामाच्या पिना: सप्लाय, अर्थ, कॅन हाय, कॅन लो. इथे मल्टीमीटर फसवतो. वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. सेन्सरचा हीटर ओढतो. सिरॅमिक ८०० अंशांच्या आसपास तापवायचं असतं. म्हणून आम्ही सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये २१ वॅटचा चोवीस व्होल्टचा बल्ब लावतो. बल्ब जळत असताना बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडला तर दोष वाटेत आहे: फ्यूजचा होल्डर, रिले किंवा अर्थचा बोल्ट. रंगाच्या थरावरच आवळलेला अर्थचा बोल्ट ही नेहमीची गोष्ट. आणखी एक: इंजिन थंड असताना नॉक्स सेन्सर आकडा देत नाही. पाइपमधलं पाणी सुकेपर्यंत हीटर चालूच होत नाही, नाहीतर सिरॅमिक तडकेल. तो बिघाड नव्हे.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. दिसायला गरीब, तांब्याला जालीम. टाकीच्या हेडरचा (टाकीत उतरणाऱ्या सेन्सरच्या भागाचा) कनेक्टर उघडला की पिनांच्या मुळाशी पांढरी पावडर दिसते. ती पुसली की खाली हिरवं. पण खरा घोटाळा दिसत नाही: हे द्रावण तांब्याच्या तंतूंमधून इन्सुलेशनच्या आतल्या आत चढतं. म्हणून कनेक्टर कोमट पाण्याने धुऊन थांबायचं नाही. वायर थोडी थोडी मागे कापत, चकचकीत तांबं लागेपर्यंत जायचं. लागलंच नाही तर तो पूर्ण तुकडा बदलायचा आणि दुसऱ्या टोकाचा कनेक्टरही उघडायचा.

याच प्रणालीतली एक चूक बिघाडाचं सोंग घेते. किल्ली बंद केल्यावर पंप नळ्यांमधलं डीईएफ परत टाकीत ओढतो. त्याला दोनएक मिनिटं लागतात. ऑपरेटरने लगेच आयसोलेटर फिरवला की डीईएफ नळीत आणि इंजेक्टरमध्येच राहून सुकतं. काही दिवसांनी प्रेशरचा कोड येतो, आणि मग बिचाऱ्या प्रेशर सेन्सरवर आळ.

वायर घासण्याच्या जागा ठरलेल्या. हायड्रॉलिक होजला टायने बांधलेला हार्नेस सर्वात वाईट, कारण प्रेशरच्या प्रत्येक झटक्याला होज हलतो आणि करवतीसारखं इन्सुलेशन कापतो. रबर गळून पडलेले क्लॅम्प, डीपीएफजवळ भाजून कडक झालेली वायर, हे त्यानंतर. स्कॅनरवर लाइव्ह आलेख लावून हार्नेस हातभर अंतराने हलवत जायचं. आलेख दचकला की जागा सापडली.

पिनांमध्ये जाड प्रोब खुपसू नका. फिमेल पिन पसरते आणि आपणच नवा बिघाड पेरतो. मागून बारीक पिनने मोजायचं, आणि एक सुटी मेल पिन आत सरकवून पकड बोटाला जाणवते का ते बघायचं. जोड क्रिम्प करून (दाबून), आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकने (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीने) झाकायचा. सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते. कॅनच्या जोडीचा पीळ जोडापर्यंत कायम ठेवायचा.

आता ४० ओहमकडे. तो तिसरा रेझिस्टर पुष्कळदा हार्नेसमध्ये टेपखाली लपवलेल्या छोट्या डब्यातला असतो: नॉक्सचे खोटे आकडे पाठवणारा एम्युलेटर. डीपीएफचा अंदाज डिफरन्शियल प्रेशरवरून (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावरून) येतो: इंजिन बंद असताना शून्य, वेग वाढवला की आकडा चढायला हवा. शून्यावरच बसून राहिला तर सेन्सरच्या नळ्या बघायच्या. त्या नीट असतील तर डब्यातला फिल्टरच काढलेला असण्याची शक्यता मोठी. एखाद्या जुन्या मशिनमध्ये जुना कोड एकही नसणं हेसुद्धा संशयास्पद. अशा मशिनचं निदान सगळं मूळ स्थितीत आणल्यावरच सुरू होतं. बायपास आम्ही करून देत नाही, ही अट पहिल्याच बोलण्यात सांगतो. काही गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात.

कोड पुसला म्हणजे काम झालं असं आम्ही मानत नाही. एक्झॉस्ट साधारण २०० ते २५० अंशांपर्यंत तापल्याशिवाय डीईएफची फवारणीच सुरू होत नाही, त्यामुळे यार्डात आयडलवर काही सिद्ध होत नाही. आधी डोसिंग टेस्ट (डीईएफ किती फवारलं जातं ते मोजणं), मग पार्किंग रिजन (मशिन उभं ठेवून फिल्टरमधली काजळी जाळणं), मग बकेट भरून खरं काम. थंड करून पुन्हा स्टार्ट केल्यावरही कोड आला नाही, की आधीचे आणि नंतरचे आकडे (ओहम, बल्बवरचं व्होल्टेज, डिफरन्शियल प्रेशर) कागदावर लिहून मशिनच्या फायलीत लावतो. पुढच्या वेळी ते मशिन कुणाकडेही गेलं, तरी तुलनेला आकडा हाताशी असतो.