सोनोग्राफी नॉर्मल होती, मग गाठ आली कुठून?

सोनोग्राफीत न दिसलेली गाठ सीटीत कशी दिसते, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लातूरला रेडिओलॉजिस्ट आहे मी, आणि सीटीचा रिपोर्ट हातात पडला की माणसं हेच विचारतात, "मॅडम, महिन्याखाली सोनोग्राफी केली की, नॉर्मल आली, मग ही गाठ आली कुठून?"

गाठ तेव्हाही होती. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पुढं जात नाहीत आणि आतड्यात तर गॅसच गॅस, त्याच्यामागं लिंबाएवढी गाठ असली तर प्रोब कितीही फिरवा, दिसेलच असं नाही.

बालाघाटाकडच्या एक बाई आल्या होत्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. मोळी डोक्यावर घेतली की अंधारी यायची, पण उचल फिटायची होती म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. हिमोग्लोबिन 5, दोनदा रक्ताच्या पिशव्या चढवलेल्या, तोंडातून आणि खालून दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, आणि चिठ्ठीवर काय तर नुसतं 'पोटदुखी'. मी विचारलं संडास कसली होते, तर त्या गप्प. सून हळूच म्हणली, "काळी होती की, पण ते गोळ्यानं होतंय म्हणले." लोहाच्या गोळ्यांनी काळी होते हे खरंच आहे, म्हणून तर फसगत होते. म्हणलं, डांबरासारखी चिकट, घाण वास, पाणी टाकलं तरी निघत नाही अशी? "होय, तशीच." ते पचलेलं रक्त असतं हो, गोळ्यांनी तसा चिकटपणा येत नाही.

त्या एका उत्तरानं सगळा सीटीच बदलला. एरवी सीटीआधी पाजतो ते औषध स्क्रीनवर पांढरं दिसतं, शिरेतून सोडतो ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्त जाईल तिथं उजळणारं औषध, तेही पांढरं, मग पांढऱ्यावर पांढरं ओळखणार काय? म्हणून त्यांना साधं पाणी पाजलं, आणि कॉन्ट्रास्ट सोडल्यावर 30-35 सेकंदांनी एकदा आणि 70 च्या आसपास परत एकदा असे फोटो घेतले. पहिल्याच फेरीत डावीकडं, लहान आतड्याच्या वरच्या वेटोळ्याला बाहेरून लोंबणारी 4 सेंटीमीटरची गाठ लख्ख उजळली, मधे थोडी काळपट, आणि आतड्याच्या पोकळीकडं एक बारीक खळगा. रक्त तिथूनच झिरपत असणार. दुर्बिणी वरून आणि खालून जातात, ह्या मधल्या भागात पोचतच नाहीत.

रिपोर्टमध्ये 'जिस्टची शक्यता' लिहिलं. जिस्ट म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून उगवणारी गाठ. दुर्मिळ आहे, वर्षाला 10 लाखांत 10-15 जणांना होते, बरेचदा बाहेरच्या अंगाला वाढते, त्यामुळं आतडं अडत नाही, नुसतं रक्त जात राहतं. बाहेरून सुई घालून तुकडा काढायला मी नकोच म्हणलं, कारण ही गाठ नाजूक असते, रक्तस्राव होतो, फुटली तर पेशी पोटभर पसरतात. नाव पक्कं झालं ऑपरेशननंतर, पॅथॉलॉजीत सीडी 117, म्हणजे जिस्टच्या पेशींवर बहुतेकदा सापडणारं प्रथिन, पॉझिटिव्ह आल्यावर. पसरलेल्या जिस्टला पूर्वी केमो जवळपास लागूच पडायची नाही, 1998 ला हेच प्रथिन बनवणाऱ्या किट जीनमधला बिघाड सापडला आणि पुढं त्यावर नेमकी लागू पडणारी इमॅटिनिबची गोळी आली, तेव्हा कुठं चित्र बदललं.

म्हणून पाया पडून सांगते, संडासचा रंग सांगायला लाजू नका, आणि डॉक्टरांनो, चिठ्ठीवर तेवढं लिहा. आम्ही शोधतो ते तुम्ही विचारलेलंच.

दोन महिन्यांनी त्या बाई सुनेबरोबर आल्या, हिमोग्लोबिन 10. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. मी विचारायच्या आधी स्वतःच म्हणल्या, "आता बी काळीच होती मॅडम, पण चिकटत नाही."