इंजेक्टरच्या टाकीत बाराबोअरचे पार्ट

गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला माझं दुचाकींचं गॅरेज आहे. 2020 साली धुराचे बीएस-सिक्स नियम लागू झाले, कार्बोरेटर मागे पडले, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले आणि ते साफ करायला अल्ट्रासॉनिक क्लीनर घेणं भाग पडलं. चष्म्याच्या दुकानात फ्रेम बुडवतात तेच यंत्र, टाकी तेवढी मोठी. घरी बाबांच्या वेळची एकनळी बाराबोअर बंदूक आहे, पीक राखायच्या परवान्यावरची, आता माझ्या नावावर. यंत्र आलं तेव्हाच तिचे बारीक पार्ट एक दिवस त्यात पडणार हे नक्की झालं.

बंदूक फारशी वाजत नाही. खेती म्हणजे माकडं कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, उतरली की हवेत एखादा बार, बस्स. तिचा खरा वैरी पाऊस. त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. 2024 च्या लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. म्हणजे काजूचा भर ओसरेपर्यंत ती कुलपात, आणि सुटका ऐन मिरगाच्या तोंडावर! तिथे तिला तेल कोण लावणार? एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या पार्टच्या, खाचेत जुन्या तेलाचा पार डिंक झाला होता.

आधी नळी खाली पाडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. कुंदा अलग करायचा. लाकडाला त्या पाण्याचा वारासुद्धा नको. नळी माझ्या टाकीत मावत नाही, पण त्याचं मला वाईट वाटत नाही. आत बसलेलं शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या वॅडचा, म्हणजे दारू आणि छऱ्यांमधल्या बुचाचा, थर नुसत्या बुडबुड्यांनी नीट सुटत नाही. त्याला गज, पितळी ब्रश आणि मनगट. यंत्र खरं कामाचं आहे ते फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी), एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग आणि स्क्रू यांना.

हे पार्ट मी थेट टाकीत सोडत नाही. काचेच्या बरणीत गरम पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, त्यात पार्ट. आणि ती बरणी टाकीतल्या पाण्यात. लहरी काचेतून आत जातात. टाकीतली इंजेक्टरची घाण बंदुकीला लागत नाही आणि बंदुकीचं शिसं टाकीत उतरत नाही. पाणी 50-55 अंशांवर ठेवायचं. यंत्र 40 किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 40 हजार कंपनं. पाण्यात बारीक बुडबुडे होतात, धातूला लागून फुटतात आणि ब्रशचा केस जात नाही तिथला मळ ओढून काढतात. पिनच्या खांद्याजवळून काळं काळं धाग्याधाग्याने सुटताना काचेतून स्पष्ट दिसतं. आठ-दहा मिनिटं पुरतात.

टाकीत पेट्रोल नाहीतर थिनर ओतणारे मेकॅनिक मी पाहिलेत. खाली हीटर चालू आणि वर पेट्रोलची वाफ! गंज काढायचं आम्लाचं द्रावणही नको. बंदुकीवरचा काळा थर हासुद्धा लोखंडाचाच ऑक्साइड. आम्ल गंजाबरोबर तोही खातं. आणि बरणीतलं काळं पाणी विहिरीच्या किंवा पाटाच्या वाटेला जाता कामा नये, त्यात शिसं असतं. हातमोजे घालायचे, आणि ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

पण साफसफाई हा सोपा भाग. यंत्र मळाबरोबर तेलाचा शेवटचा थेंबही काढून टाकतं आणि पार्ट उघडा पडतो. जूनमधल्या सत्तरीच्या हवेत उघडं लोखंड म्हणजे गंजाला आवतणच. म्हणून बरणी उघडण्याआधी पुढची सगळी तयारी हाताशी हवी. पार्ट चहाच्या गाळणीत ओतायचे, नाहीतर एखादा स्क्रू मोरीतून गेलाच. वरून कडकडीत पाणी, म्हणजे धातू तापतो आणि बरंचसं पाणी आपणच उडतं. मग कॉम्प्रेसरची हवा. त्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडून साचलेलं पाणी काढायचं, नाहीतर पावसाळ्यात तुम्ही वाळवताय म्हणून पाणीच मारत असता. लगेच पाणी हटवणारा स्प्रे, आणि शेवटी बंदुकीचं तेल, पातळ हाताने. फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतायचं नाही. पुन्हा डिंक होतो. रेक्झिनच्या कव्हरात बंदूक ठेवणं मी कधीच बंद केलं, ते ओल धरून ठेवतं.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. शेजारचे काका म्हणाले, "माझीपण घाल रे त्यात, काय ते पैसे घे." मी हात जोडले. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि दुसऱ्याची बंदूक माझ्या गॅरेजात ठेवून घेणं ही वेगळीच भानगड. शिवाय काकांची ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. काळ्या दारूची राख ओल ओढते, पण पाण्यात विरघळतेही. गरम पाणी, साबण, गजाला गुंडाळलेली चिंधी, मग कोरडी चिंधी आणि तेल. काकांना म्हटलं, हे तुमच्या पडवीत बसून तुम्हीच करा, आणि बार काढला त्याच संध्याकाळी करा.