वाचनालयाचा साइटमॅप आणि राहिलेला 'एस'

गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसं वाचनालय आहे. त्याची वेबसाइट मी सांभाळते. पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची यादी, वर्गणीचा अर्ज, एवढाच पसारा. परवा ग्रंथपालताई म्हणाल्या, "अगं, जरा बघ ना, नवी पुस्तकं गुगलवर सापडत नाहीत."

रात्री जेवणं आटोपल्यावर सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन. साइटमॅपमधल्या, म्हणजे साइटच्या पत्त्यांच्या यादीतल्या, पानापानापुढे एकच शेरा: हे पान दुसरीकडे वळतं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं मोफत सर्टिफिकेट बसवून साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएस या सुरक्षित प्रोटोकॉलवर आणली, पण साइटमॅपची फाइल मी हाताने लिहिलेली. तिच्यात सगळे पत्ते जुनेच, एचटीटीपीचे. वाचकाला सर्व्हर आपोआप नव्या पत्त्यावर नेतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण साइटमॅप म्हणजे आपण स्वतः शोधयंत्राच्या हातात दिलेली यादी. तीत जुना पत्ता द्यायचा आणि तिथे गेल्यावर "इथे नाही, पलीकडे जा" म्हणायचं, हे बरोबर नाही. साइटमॅपचा नियमही स्पष्ट आहे: फाइल ज्या प्रोटोकॉलवर, आतले पत्तेही त्याच प्रोटोकॉलवर हवेत.

मग एडिटरमध्ये 'एचटीटीपी'च्या जागी सरसकट 'एचटीटीपीएस' केलं. आणि गुगलने अख्खी फाइलच नाकारली!

घोळ दुसऱ्या ओळीत होता. सगळी यादी ज्याच्या आत असते त्या 'यूआरएलसेट' या टॅगमध्ये साइटमॅप्स डॉट ऑर्गचा एक पत्ता असतो. दिसतो पत्ता, पण ते फक्त नाव असतं, नेमस्पेस. तिथे कुणी जात नाही, अक्षराला अक्षर जुळतंय का एवढंच पाहिलं जातं. ते नाव एचटीटीपीनेच सुरू होतं आणि तसंच राहायला हवं. बदल करायचा तो फक्त 'लॉक' (loc, म्हणजे लोकेशन) टॅगमधल्या आपल्या पत्त्यांत. तेवढी ओळ पूर्ववत केली.

शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलमधली साइटमॅपची ओळही जुनीच निघाली, तीही बदलली. शेवटच्या बदलाच्या तारखांना मात्र हात लावला नाही. पुस्तकांची पानं बदललेली नसताना सगळीकडे आजची तारीख टाकली, तर गुगल त्या तारखांवर पुढे विश्वास ठेवत नाही.

आज सकाळी साइटमॅपपुढे 'यशस्वी' दिसलं. गुगल पानं कधी वाचेल ते त्याच्या हातात, तसं ताईंना सांगितलंय. आज संध्याकाळी पानांच्या आतले जुने दुवे बघायला बसतेय, सुरुवात दिवाळी अंकांच्या यादीपासून.